ताऱ्याने डोळा मिचकावला आणि दगड सापडला!

जपानच्या अगदी दक्षिणेला मियाको नावाचं एक छोटं बेट आहे. को आरिमात्सू आणि त्यांच्या सोबतच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या एका शाळेच्या गच्चीवर दोन दुर्बिणी मांडल्या. फार मोठ्या नव्हत्या बरं का! व्यास फक्त २८ सेंटिमीटर. हौशी आकाशनिरीक्षकांकडे असतात तेवढ्याच. या दुर्बिणींनी सुमारे २,००० ताऱ्यांवर मिळून ६० तास नजर ठेवली. त्यातून जे सापडलं ते २०१९ मध्ये जगाला कळलं: आपल्यापासून सुमारे ५०० कोटी किलोमीटर लांब, नेपच्यूनच्याही पलीकडे, जेमतेम अडीच किलोमीटर रुंदीचा एक दगड!

आता गंमत ऐका. तो दगड त्या दुर्बिणींना दिसलाच नाही. एकदाही नाही. तरीही तो तिथे आहे हे समजलं आणि त्याची रुंदीही मोजता आली. कशी?

दिसत का नाही?

नेपच्यूनच्या पुढे बर्फ आणि दगड यांच्या असंख्य तुकड्यांचा एक भलामोठा पट्टा सूर्याभोवती फिरतो. त्याला कायपर पट्टा म्हणतात. आपला प्लूटो तिथलाच. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी ग्रह तयार झाले तेव्हा जे उरलं, ते तिथे अजून तसंच थंडगार पडून आहे. ग्रह कशाचे आणि कसे बनले हे जाणून घ्यायचं तर हे उरलेलं सामान तपासायला हवं.

पण या तुकड्यांना स्वतःचा प्रकाश नाही. सूर्याचा प्रकाश त्यांच्यावर पडतो आणि परत येतो, तेवढाच काय तो उजेड. आणि इथेच एक गणित आडवं येतं. समजा, एखादा दगड सूर्यापासून आहे त्याच्या दुप्पट लांब नेला. त्याच्यावर पडणारं ऊन चौपट कमी होईल. तिथून आपल्याकडे परतणारा उजेडही वाटेत पसरत येतो, म्हणून तो आणखी चौपट कमी. चार गुणिले चार, सोळा! अंतर फक्त दुप्पट झालं आणि दगड मात्र सोळापट फिका पडला. अंतर तिप्पट केलं तर किती होईल? कागद घ्या आणि काढा. (उत्तर ८१ यायला हवं.)

म्हणजे दगडाकडून येणारा प्रकाश शोधायचा हट्ट धरला, तर जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणीही हात टेकतात. मग शास्त्रज्ञांनी प्रश्नच उलटा केला. दगडाने पाठवलेला प्रकाश नको, त्याने अडवलेला प्रकाश शोधू!

आपल्या अंगावरून जाणारी सावली

दगडाच्या मागे, फार फार लांब तारे आहेत. दगड फिरत फिरत एखाद्या ताऱ्याच्या बरोबर पुढे आला की त्या ताऱ्याचा प्रकाश क्षणभर अडतो. तारा डोळा मिचकावतो म्हणा ना! या घटनेला पिधान म्हणतात.

तारा इतका लांब असतो की त्याचे किरण आपल्याकडे जवळजवळ समांतर येतात. त्यामुळे शंभर किलोमीटरच्या दगडाची सावली पृथ्वीवरही साधारण शंभर किलोमीटर रुंदच पडते. तेवढ्या पट्ट्यात जे उभे असतील त्यांनाच तारा विझलेला दिसतो. आणि ही सावली काही थांबत नाही. पृथ्वी स्वतः सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती धावते आहे, त्यामुळे सावली आपल्या अंगावरून सुसाट निघून जाते. आज रात्रीही अशी एखादी सावली तुमच्या घरावरून जाऊ शकते. तिचा ना आवाज, ना धक्का!

विमानातल्या दुर्बिणीचा शोध

पिधानाने सगळ्यांना थक्क केलं ते १० मार्च १९७७ रोजी. त्या रात्री युरेनस हा ग्रह एका अंधूक ताऱ्यापुढून जाणार होता. शास्त्रज्ञ जेम्स इलियट आणि त्यांचे सहकारी एका विमानात बसून हिंदी महासागराच्या दक्षिण भागावर उडत होते. विमानात ९१ सेंटिमीटरची दुर्बीण होती. युरेनसचं वातावरण कसं आहे ते त्यांना तपासायचं होतं. त्यांनी यंत्रं वेळेआधीच सुरू केली, आणि बरं झालं! युरेनस ताऱ्यापर्यंत पोहोचायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ असतानाच ताऱ्याचा प्रकाश एकदम खाली आला आणि पुन्हा वर गेला. मग पुन्हा. असं पाच वेळा झालं.

ढग आडवा आला म्हणावं तर विमान ढगांच्या खूप वर होतं. युरेनस ताऱ्यावरून पुढे सरकला, आणि आता दुसऱ्या बाजूलाही पाच वेळा प्रकाश कमी झाला. दोन्ही बाजूंच्या नोंदी शेजारी ठेवल्या तर अंतरं जवळजवळ आरशातल्यासारखी जुळली. एका बाजूला पाच अडथळे, दुसऱ्या बाजूलाही जवळपास तेवढ्याच अंतरांवर पाच. असं कधी होईल? ग्रहाभोवती कडी असतील तरच! तोपर्यंत कडी फक्त शनीलाच आहेत असं वाटत होतं.

त्याच रात्री तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी हेही एक मीटरच्या दुर्बिणीने हाच तारा बघत होते. त्यांनाही ताऱ्याचा प्रकाश काही सेकंद घटलेला आढळला. युरेनसच्या कड्यांच्या शोधकथेत आपल्या देशातल्या वेधशाळेचं हे पान आहे. १९८६ मध्ये व्हॉयेजर २ हे यान युरेनसजवळ गेलं आणि कड्यांची छायाचित्रं आली. पण कडी आहेत हे नऊ वर्षं आधीच कळलेलं होतं, तेही नुसत्या ताऱ्याच्या मिचकावण्यावरून.

जुन्या नोंदींतला खजिना

युरेनस केव्हा कुठे असेल हे आधी सांगता येतं. पण ज्या दगडाचा पत्ताच ठाऊक नाही, त्याची वाट कुठे बघायची? उत्तर सोपं आणि कष्टाचं आहे. खूप तारे, खूप वेळ बघत राहायचं.

शास्त्रज्ञ हिल्के श्लिख्टिंग यांनी एक शक्कल लढवली. हबल ही अंतराळातली दुर्बीण छायाचित्र घेताना जराही हलू नये, म्हणून ती काही ताऱ्यांवर नेम धरून असते. त्या ताऱ्यांचा प्रकाश सेकंदाला ४० वेळा मोजला जातो. काम झालं की या आकड्यांकडे कोण बघणार? श्लिख्टिंग आणि त्यांच्या गटाने बघितलं! साडेचार वर्षांच्या नोंदी, सुमारे ५०,००० तारे. त्या ढिगाऱ्यात एकच जागा अशी सापडली, जिथे एक तारा सुमारे ०.३ सेकंद मंद झाला होता. अडथळा होता साधारण एक किलोमीटर रुंदीचा तुकडा, सुमारे ६८० कोटी किलोमीटर लांबचा. ही बातमी २००९ मध्ये आली.

रुंदी कशी कळली? शाळेत आपण शिकतो की प्रकाश सरळ रेषेत जातो. पण अडथळ्याच्या कडेजवळून जाताना तो किंचित वळतो. याला विवर्तन म्हणतात. तुकडा इतका लहान आणि इतका लांब असला की वळलेला प्रकाश सावलीत शिरतो. मग तारा पूर्ण विझत नाही, त्याचा प्रकाश थरथरत कमीजास्त होतो. ही थरथर नेमकी कशी आहे त्यावरून तुकड्याचा आकार काढतात.

आणि मियाकोच्या गच्चीवर दुर्बिणी दोन का होत्या, ते आता ओळखा पाहू! आपल्या हवेमुळे तारे एरवीही लुकलुकतात. पक्षी उडतो, विमान जातं. पण शेजारच्या दोन दुर्बिणींत हवेची लुकलुक वेगवेगळी दिसते. दोन्हींत एकाच क्षणी, अगदी सारखाच प्रकाश कमी झाला तरच तो लांबच्या दगडाचा पुरावा. एकीने सांगितलं आणि दुसरीने साक्ष दिली.

रस्ता बंद, दिवे बंद, तारा बघू द्या!

२०१७ ची गोष्ट. न्यू होरायझन्स हे यान प्लूटोला भेटून पुढे निघालं होतं. त्याचं पुढचं ठिकाण कायपर पट्ट्यातलाच एक छोटा तुकडा होता. त्याचं नाव आता अॅरोकॉथ. तो हबलला २०१४ मध्ये एका अंधूक ठिपक्यासारखा दिसला होता. पण यान जवळ जाण्याआधी त्याचा आकार कळायला हवा होता.

गाया या युरोपीय उपग्रहाने ताऱ्यांच्या जागा फार अचूक मोजल्या आहेत. त्यांच्या मदतीने हिशेब झाला: १७ जुलैला अॅरोकॉथची सावली अर्जेंटिनावरून जाणार. तिथे तेव्हा हिवाळा होता आणि बोचरा वारा सुटला होता. कोमोदोरो रिवादाविया शहराच्या परिसरात २४ दुर्बिणी ओळीने मांडल्या. शहराने तर कमालच केली! महामार्ग दोन तास बंद ठेवला, रस्त्यावरचे दिवे मालवले, वारा अडवायला दुर्बिणींजवळ ट्रक उभे केले. सगळा खटाटोप दोन सेकंदांहूनही कमी वेळाच्या अंधारासाठी!

पाच दुर्बिणींना तारा विझलेला दिसला. प्रत्येकीकडची वेळ वेगळी होती. जिथे तारा जास्त वेळ विझला तिथे तुकडा जास्त रुंद. या पाच रुंदी एकाखाली एक आखल्या तर आकृती दिसली भुईमुगाच्या शेंगेसारखी, मध्ये दबलेली. १ जानेवारी २०१९ रोजी यान जवळून गेलं आणि छायाचित्रं आली. दोन गोळे एकमेकांना चिकटलेले, मध्ये अरुंद मान! सावलीने खरं तेच सांगितलं होतं.

बघा, या कामाला लागतं काय? ठरलेल्या जागी पोहोचणं, अचूक घड्याळ आणि चिकाटी. म्हणूनच जगभरातले हौशी निरीक्षक आपल्या छोट्या दुर्बिणींनी लघुग्रहांची पिधानं मोजतात आणि शास्त्रज्ञ त्यांच्या नोंदी वापरतात.

आता तुमची पाळी!

सुरुवात चंद्रापासून करा. चंद्र आकाशात पूर्वेकडे सरकताना वाटेतल्या ताऱ्यांना झाकत जातो. रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा आणि कृत्तिका ही त्याच्या वाटेवरची ठळक मंडळी. शुक्ल पक्षात तृतीया ते अष्टमीच्या दरम्यान चंद्राची पुढची कड अंधारी असते. अशा वेळी पिधान झालं तर तारा त्या न दिसणाऱ्या कडेमागे फटकन नाहीसा होतो. हळूहळू मंद होत नाही, कारण चंद्रावर हवा नाही. हवा असती तर काय झालं असतं? प्लूटोने ते दाखवलं आहे. १९८८ मध्ये तो एका ताऱ्यापुढे आला तेव्हा तारा सावकाश मंद होत गेला, आणि प्लूटोला विरळ वातावरण आहे हे पक्कं झालं.

तुमच्या जवळच्या आकाशदर्शन मंडळाला पुढच्या चांद्र पिधानाची तारीख आणि तुमच्याच गावची वेळ विचारा. मुंबईची वेळ नागपूरला चालत नाही! द्विनेत्री मिळाली तर उत्तम. एकाने ताऱ्यावर डोळा ठेवायचा, दुसऱ्याने घड्याळावर. तारा गेला की “गेला!” असं ओरडायचं आणि वहीत लिहायचं: तारीख, ठिकाण, तास, मिनिट आणि सेकंद. दुसऱ्या गावातल्या मित्रालाही त्याच रात्री हेच करायला सांगा. मग दोघांच्या वह्या शेजारी ठेवा, वेळांमधला फरक काढा आणि तो का पडला असेल ते मिळून शोधा.