डीजे म्हणजे नक्की काय? तबकडी, सीडी आणि कॉम्प्युटर



आपल्याकडे 'डीजे' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, पुढे वरात नाहीतर मिरवणूक, आणि छातीत धडधडणारा आवाज. 'डीजे आला' असं मुलं ओरडतात, तेव्हा माणूस नाही, स्पीकर आलेले असतात! पण मूळ शब्दात माणूसच आहे. डीजे म्हणजे डिस्क जॉकी. डिस्क म्हणजे तबकडी आणि जॉकी म्हणजे घोडेस्वार. अमेरिकेत हा शब्द आधी रेडिओवर रेकॉर्ड लावणाऱ्या निवेदकासाठी वापरत. पुढे तो नाचाच्या कार्यक्रमात गाणी लावणाऱ्याला चिकटला.

आज तबकडीची जागा सीडीने, आणि सीडीची जागा कॉम्प्युटरने घेतली आहे. मग डीजे नावाचा माणूस नेमकं करतो काय? चला, समजून घेऊया. या विषयात विज्ञान आहे, गणित आहे आणि आपल्या वर्गातला एक जुना प्रश्नसुद्धा आहे.

तबकडी वाजते कशी?

तबकडीच्या एका बाजूवर एकच लांबलचक खाच असते. ती बाहेरून आत गोल गोल फिरत जाते. खाचेच्या भिंती सरळ नसतात, आवाजाच्या लहरींप्रमाणे नागमोडी असतात. सुई त्यावरून जाताना थरथरते, त्या थरथरीपासून वीज तयार होते आणि स्पीकर तिचा आवाज करतो.

मोठी तबकडी ३ मिनिटांत बरोबर १०० फेरे घेते, म्हणजे मिनिटाला ३३⅓. एका फेऱ्याला किती वेळ लागतो? १८० सेकंद भागिले १००, म्हणजे १.८ सेकंद. अपूर्णांक आणि दशांश शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या.

एकाच गाण्याच्या दोन तबकड्या कशाला?

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्क शहराचा ब्रॉन्क्स भाग. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. पैसे जमवायला तिने आपल्या इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. गाणी लावायला होता तिचा १८ वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच कूल हर्क. त्याचा जन्म जमैकाचा.

हर्कने एक गोष्ट हेरली होती. गाण्यात गायक थांबून नुसता ठेका वाजतो, तेव्हा मुलं सगळ्यात जोरात नाचतात. पण तो तुकडा काही सेकंदांत संपतो. मग त्याने युक्ती काढली. त्याच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवायच्या. एकीवरचा ठेका संपत आला की दुसरीवरचा सुरू करायचा, तेवढ्यात पहिलीची सुई मागे आणायची. काही सेकंदांचा ठेका हवा तेवढा लांबवता येऊ लागला. हिप-हॉप संगीताची सुरुवात इथून मानतात.

त्याच भागातला ग्रँडमास्टर फ्लॅश इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. त्याने तबकडीवर रंगीत खडूने खुणा केल्या. खूण कुठे आहे ते बघून तो तबकडी हाताने मागे फिरवायचा आणि ठेका बरोबर जागेवर पकडायचा. बघा, खडू तिथेही कामाला आला!

ठेका जुळवणं म्हणजे काय?

दोन ढोल-ताशा पथकं एकाच चौकात समोरासमोर आली तर काय होतं? दोघांची लय वेगळी, मग नुसता गोंधळ. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना डीजेला हाच गोंधळ टाळायचा असतो.

समजा एका गाण्यात मिनिटाला १२० ठोके आहेत आणि दुसऱ्यात १२३. दोन्ही एकत्र सुरू केली, तर अवघ्या २० सेकंदांत एका ठोक्याचा फरक पडतो. म्हणून पहिल्या गाण्याचा वेग अडीच टक्के वाढवायचा. १९७९ साली टेक्निक्स कंपनीच्या एसएल-१२०० या यंत्राची सुधारित आवृत्ती आली. तिच्यावर वेग ८ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी सरकती पट्टी होती. जगभरच्या डीजेंनी हे यंत्र आपलंसं केलं.

पण किती टक्के सरकवायचं, हे कोण सांगणार? कान! हेडफोनमधून एका कानाने पुढचं गाणं ऐकायचं, दुसऱ्या कानाने हॉलमध्ये चालू असलेलं. कोण पुढे पळतंय ते ओळखायचं आणि बोटाने तबकडी हलकेच ढकलायची किंवा अडवायची. हे साधायला बराच सराव लागतो.

वेग वाढला की तबकडीचा सूरही चढतो. साधारण ६ टक्के वेग वाढवला, तर काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमध्ये जातं. पेटी वाजवणाऱ्यांच्या हे लगेच लक्षात येईल.

सीडी आणि कॉम्प्युटर

१९८२ साली सीडी बाजारात आली. हलकी, छोटी, सुईविना लेझरने वाचली जाणारी. पण डीजेला सुरुवातीला ती अडचणीचीच वाटली, कारण ती यंत्राच्या पोटात फिरते, तिला हात लावता येत नाही. २००१ मध्ये पायोनियर कंपनीने सीडीजे-१००० हे यंत्र आणलं. त्यावर एक मोठं चाक होतं. ते फिरवलं की तबकडी हाताने फिरवल्यासारखा परिणाम मिळायचा.

त्याच सुमारास आणखी एक गंमत झाली. गाणं नसलेली तबकडी आली! तिच्यात फक्त एक खुणेचा आवाज भरलेला असतो. सुई किती वेगाने आणि कोणत्या दिशेने चालली आहे, ते त्यावरून कॉम्प्युटर ओळखतो आणि स्वतःजवळचं गाणं तसं वाजवतो. हात जुन्या तबकडीवर, गाणं मात्र कॉम्प्युटरमधलं.

आता तर कॉम्प्युटर ठोके स्वतःच मोजतो. 'सिंक' नावाचं बटण दाबलं की दोन गाण्यांचा वेग जुळतो. सूर न बदलता वेग बदलता येतो.

मग चांगलं कोणतं?

व्यवहाराने पाहिलं तर कॉम्प्युटर सोयीचा. एक मोठी तबकडी साधारण दीडशे ग्रॅमची धरली, तर शंभर तबकड्या म्हणजे पंधरा किलो झाले. आज हजारो गाणी खिशात मावतात. मंच हादरला म्हणून सुई उडायची भीती नाही. महागडी यंत्रं नसलेल्या मुलालाही घरच्या लॅपटॉपवर शिकता येतं, ही फार मोठी गोष्ट आहे.

पण बटणालाही मर्यादा आहे. कॉम्प्युटर ठोके मोजतो ते लय एकसारखी आहे असं धरून. जुन्या गाण्यांत माणसं ढोलक-तबला वाजवत होती. त्यांची लय किंचित वाढते, किंचित उतरते. तिथे कॉम्प्युटरचा हिशोब चुकू शकतो. ज्याने कानाने जुळवायला शिकलं आहे, त्याला ही चूक लगेच ऐकू येते आणि तो बोटाने सावरतो. नुसत्या बटणावर शिकलेल्याला लोक नाचायचे का थांबले, हेच कळत नाही.

हाच आपला पाढे की कॅल्क्युलेटर हा प्रश्न नाही का? २५ गुणिले ४ करताना बोट चुकून पडद्यावर १००० आले, तर पाढे येणारं मूल थबकतं. न येणारं ते उत्तर वहीत उतरवतं. यंत्र वाईट नाही. यंत्राचं उत्तर तपासण्याइतकं ज्ञान आपल्यात हवं, एवढंच. आणि आता कोणतं गाणं लावायचं, समोरची माणसं दमली आहेत की रंगात आली आहेत, हे तबकडीच्या काळातही डीजेलाच ठरवावं लागायचं आणि आजही त्यालाच ठरवावं लागतं.

वर्गात करून पाहा

१. कोणतंही गाणं लावा. १५ सेकंदांतले ठोके मोजा, ४ ने गुणा. मिनिटाचे ठोके मिळतील.

२. वर्गाचे दोन गट करा. दोघांना थोड्या वेगळ्या लयीत टाळ्या वाजवू द्या. मग एका गटाला फक्त ऐकून दुसऱ्याशी जुळवून घ्यायला सांगा. एक-दोन-तीन मोजायचं नाही.

३. मोठ्या मुलांना विचारा: १२० ठोक्यांचं गाणं ५ टक्के वेगाने वाढवलं तर किती ठोके होतील?

दुसरा उपक्रम घरीसुद्धा करता येईल. आई एका लयीत, मूल दुसऱ्या लयीत, आणि मग दोघं एकत्र. मुलांना नक्की आवडेल. तुमचे अनुभव जरूर कळवा.