गोव्याचा डॉक्टर आणि आपला हिरडा



जांबोटीहून चोर्ला घाट उतरला की गोवा लागतो. याच गोव्यात १५६३ साली आपल्याकडील औषधी वनस्पतींवर एक महत्त्वाचे पुस्तक छापले गेले. ते लिहिणारे डॉक्टर म्हणजे गार्सिया द ओर्ता.

ओर्ता यांचा जन्म सुमारे १५०१ साली पोर्तुगालमध्ये झाला. स्पेनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते १५३४ साली जहाजाने भारताकडे निघाले आणि पुढे कायमचे गोव्यात राहिले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्यांनी उपचार केले. येथील हकीम व वैद्य यांना विचारून त्यांनी औषधांची माहिती जमवली.

त्या काळी युरोपात जुन्या ग्रीक ग्रंथांत लिहिलेले तेच खरे मानत. ओर्ता यांचे पुस्तक संवादरूप आहे. त्यात रुआनो नावाचा काल्पनिक डॉक्टर ग्रंथांचे दाखले देतो आणि ओर्ता स्वतः पाहिलेले सांगतात. हिरडा, बेहडा, आवळा ही एकाच झाडाची फळे, असा तिकडच्या डॉक्टरांचा समज होता. ही झाडे वेगवेगळी आहेत, हे ओर्ता यांनी स्पष्ट केले व त्यांची देशी नावेही दिली. पटकीच्या रोगाचे वर्णन करताना आपला ‘मोडशी’ हा शब्दही त्यांनी नोंदवला. १५६७ साली क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने या पुस्तकाचा लॅटिनमध्ये संक्षेप केला आणि ही माहिती युरोपभर पोहोचली.

ग्रंथांच्या चुका निर्भयपणे दाखवणाऱ्या या माणसाला एक गोष्ट मात्र उघड बोलता येत नव्हती. त्यांचे घराणे मूळचे ज्यू, सक्तीने ख्रिस्ती झालेले. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय सुरू झाले. ओर्ता १५६८ साली वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला, गुपचूप ज्यू धर्म पाळते या आरोपावरून, जाळण्यात आले. १५८० साली ओर्ता यांच्या अस्थीही उकरून जाळल्या. पुस्तक मात्र टिकले. आज पणजीतील एका बागेला त्यांचे नाव आहे.

मित्रांनो, हिरडा-बेहडा आपल्या रानातही आहेत. आजीला त्यांचे उपयोग विचारा, वहीत लिहा आणि मग ते झाड स्वतः जाऊन पाहा. विचारणे, पाहणे आणि पाहिले तेच लिहिणे, एवढ्यावरच ओर्ता शास्त्रज्ञ झाले.