फैलाका बेटावर एक दिवस

कुवेत म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर तेलाच्या विहिरी, वाळवंट व उंच इमारती एवढेच उभे राहते. जुने शहर पाहावयाचे तर इटलीला किंवा ग्रीसला जावे, कुवेतमध्ये पाहण्यासारखे काय आहे, असे आम्हालाही निघण्यापूर्वी अनेकांनी विचारले. डिसेंबरच्या मोठ्या सुट्टीत आम्ही मुलांसह दुबईमार्गे कुवेतला गेलो. आमची मावसबहीण व तिचे यजमान तेथे नोकरीस आहेत. आपल्याकडे तेव्हा आंबे व लिचीचा हंगाम, तर तेथे सकाळी अंगावर लोकरीचे कपडे लागत होते.

पहिले दोन दिवस शहर पाहण्यात गेले. जुन्या बाजारात फिरताना भाऊजींनी मुलांना एक गोष्ट सांगितली, ती वाचकांनाही नवी वाटेल. 1961 पर्यंत कुवेतच्या बाजारात रुपया चालत असे. हिंदुस्थानचे नाणे तेथे इतके रुळले होते की 1959 मध्ये भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या. 1 एप्रिल 1961 रोजी दिनार आला व रुपया गेला. आपल्या मॉरिशसमध्येही एकोणिसाव्या शतकापासून रुपयाच चालतो, म्हणून मुलांना याचे फार नवल वाटले. "मग रुपया इथे आला कसा?" असे धाकटीने विचारले.

तो समुद्रमार्गाने आला. तेल सापडण्यापूर्वी कुवेतचे लोक खलाशी, मोती काढणारे व व्यापारी होते. त्यांची मोठी गलबते खजूर घेऊन हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर येत आणि मलबारचे सागवान घेऊन परत जात. गलबतेही त्याच सागवानाची बांधलेली असत. आखातातील मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती. जपानी कृत्रिम मोत्यांमुळे 1930 नंतर हा धंदा बसला. 1938 मध्ये बुरगान येथे तेल सापडले व 1946 मध्ये तेलाचे पहिले जहाज निघाले. आज कुवेतमध्ये लाखो भारतीय राहतात, त्यांत मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत व त्यांचे महाराष्ट्र मंडळही आहे. परंतु हा संबंध तेलापेक्षा जुना आहे, हे तेथे जाऊनच आम्हास नीट कळले.

तिसऱ्या दिवशी आम्ही फैलाका बेटावर गेलो. हे बेट शहरापासून सुमारे 20 किलोमीटर अंतरावर आहे. सालमियाच्या धक्क्यावरून होडी निघते. बहिणीने पहाटे उठून डाळपुऱ्या केल्या होत्या, त्यामुळे समुद्रावरही घरचीच चव मिळाली.

फैलाका लहान व सपाट आहे. डोंगर नाही, दाट झाडी नाही. परंतु चार हजार वर्षांपूर्वी येथे वस्ती होती. त्या काळी या भागाला दिलमून म्हणत. मेसोपोटेमिया व सिंधू खोरे यांच्यामधील व्यापार दिलमूनच्या लोकांच्या हातून होत असे. 1958 पासून डेन्मार्कच्या संशोधकांनी येथे उत्खनन केले, तेव्हा मऊ दगडाच्या गोल मुद्रा मोठ्या संख्येने सापडल्या. मालाच्या गाठोड्यावर ओल्या मातीचा गोळा लावून त्यावर अशी मुद्रा उठवीत. आजच्या पोस्टाच्या लाखेसारखाच तो प्रकार. गुजरातमधील लोथल येथेही आखाती पद्धतीची अशी गोल मुद्रा सापडली आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या किनाऱ्याची व या बेटाची ओळख किती जुनी आहे ते पाहा.

त्यानंतर ग्रीक आले. अलेक्झांडरच्या आज्ञेवरून या बेटास इकारोस हे नाव दिले गेले, असे एरियन हा इतिहासकार लिहितो. बेटावर एका देवीचे रान होते, त्यात रानशेळ्या व हरणे मोकळी फिरत. देवीला बळी देण्याखेरीज त्यांची शिकार करण्यास कोणालाही मुभा नव्हती, असेही त्याने नमूद केले आहे. हे ऐकताच आम्हास कोकणातील देवराई आठवली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या रत्नागिरीकडील गावांत आजही देवाच्या रानातील फांदी तोडीत नाहीत. ग्रीकांच्या किल्ल्याचा व देवळाचा पाया आम्ही पाहिला. पुढील शतकांत येथे ख्रिस्ती वस्ती होती. तिचे चर्च फ्रेंच संशोधकांना अल्-कुसूर येथे सापडले. इटलीतील पेरूजा विद्यापीठाच्या पथकानेही कुवेती संशोधकांसमवेत या बेटावर काम केले आहे. पेरूजा हे स्वतः टेकडीवरचे पुरातन शहर. तेथील लोक जुने दगड शोधीत फैलाकास येतात, हे इटलीचा आग्रह धरणाऱ्यांना सांगावयास हवे!

येथपर्यंतचे सर्व पाहून मुले आनंदात होती. परंतु जुन्या दगडांपासून थोडे पुढे गेलो आणि सर्वजण गप्प झालो.

तेथे एक गाव आहे, पण गावात माणसे नाहीत. घरे उभी आहेत, दारे-खिडक्या गेलेल्या आहेत. बँकेच्या इमारतीवर गोळ्यांच्या खुणा आहेत. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकने कुवेतवर स्वारी केली. तेव्हा फैलाकात दोन हजारांहून अधिक लोक राहत होते. इराकी सैन्याने त्यांना बेटाबाहेर घालविले व बेटावर सुरुंग पेरले. 1991 मध्ये कुवेत मुक्त झाले, सुरुंग काढले गेले, परंतु गाव पुन्हा वसले नाही. सरकारने भरपाई दिली व लोक शहरात स्थायिक झाले. चार हजार वर्षे या ना त्या रूपाने वसलेले बेट एका ऋतूत रिकामे झाले.

आम्ही शिक्षक असल्यामुळे शाळेच्या पडक्या इमारतीपाशी पाय आपोआप थांबले. एका भिंतीवर फळा होता त्या जागेची चौकट दिसत होती. आमच्या होडीत एक वृद्ध गृहस्थ आपल्या नातवास घेऊन आले होते. त्यांचा जन्म याच बेटावरचा. भाऊजींना थोडी अरबी येते, त्यांच्या मदतीने आमचे बोलणे झाले. ते नातवाला एकेका घरापाशी नेऊन हे कोणाचे, ते कोणाचे, असे सांगत होते. "ग्रीकांचे दगड सांभाळायला जगभरातून विद्वान येतात. माझ्या शेजाऱ्याचे नाव कोण सांभाळणार?" असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते अधिक लागले.

त्याच ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत भारताने कुवेतमधील 1 लाख 70 हजारांहून अधिक माणसे विमानांनी मायदेशी नेली. बहुतेक जण आधी बगदादमार्गे जॉर्डनमधील अम्मानला पोचले व तेथून मुंबईस आले. बहिणीच्या शेजारी एक मराठी आजी राहतात, त्या यांतल्याच. एक पिशवी, मुलांचे शाळेचे दाखले व देव्हाऱ्यातील गणपती एवढेच बरोबर घेऊन निघालो, असे त्यांनी सांगितले. पुढे दोन वर्षांनी त्या परतल्या. त्यांचे घर पुन्हा उभे राहिले, फैलाकाच्या लोकांचे राहिले नाही.

आपल्याला ही कथा परकी नाही. 1968 ते 1973 या काळात चागोस बेटांवरील लोकांना त्यांच्या घरांतून काढण्यात आले व त्यांतील पुष्कळ जण आपल्या पोर्ट लुईसमध्ये येऊन राहिले. त्यांच्या मुलांबरोबर आपली मुले शाळेत शिकली. शिवाय आपले पूर्वजही गाव सोडूनच या बेटावर आले. त्यांना सैन्याने हाकलले नव्हते, गरिबीने व कराराच्या कागदाने आणले. पण सोडलेल्या गावाचे, तेथल्या शेजाऱ्यांचे नाव किती घरांत आज कोणाला सांगता येते?

परतीच्या होडीत मोठ्या मुलाने विचारले, "आपले गाव कोणते?" आम्ही जिल्हा सांगितला, तालुका सांगितला, परंतु गावाचे नाव घरात कोणासच ठाऊक नाही. मॉरिशसला परतल्यावर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जाऊन तेथे जतन केलेल्या जुन्या दप्तरांत शोध घेण्याचे आम्ही ठरविले आहे. पणजोबांचा क्रमांक, जहाज व गाव हे त्यांत नोंदलेले असते.

वाचक बंधु-भगिनींनो, कुवेतला जाण्याचा योग आला तर नोव्हेंबर ते मार्च या थंडीच्या दिवसांत फैलाका अवश्य पाहा. पाणी व खाण्याचे जिन्नस बरोबर न्या, कारण बेटावर फारसे काही मिळत नाही. आणि जाणे झाले नाही तरी, घरात आजी-आजोबा असतील तर येत्या रविवारी वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. गावाचे नाव, नात्यातील माणसे, कोणत्या मळ्यावर कोणाचे घर होते, हे मुलांच्या हातून लिहून घ्या. मराठीतच लिहा.