पाऊस थांबत नाही, कुंड्यांचे काय करायचे?

मृग लागण्याआधी कुंड्यांची माती उपसायची, उन्हात वाळवायची, शेणखत मिसळून पुन्हा भरायची आणि पहिल्या सरींची वाट पाहायची, हा घरच्या बागेचा ठरलेला रिवाज. २०२५ साली पावसाने ही उसंतच दिली नाही. २४ मे रोजी तो केरळात पोहोचला आणि २६ मे रोजी मुंबईत. एरवी मुंबईत तो ११ जूनच्या सुमारास येतो. वाळत घातलेली माती गच्चीवरच भिजली. त्या मोसमात देशभर सरासरीच्या १०८ टक्के पाऊस झाला आणि दिवाळीतही महाराष्ट्रात ठिकठिकाणी सरी कोसळत होत्या. त्याआधी २०१९ साली तर हे प्रमाण ११० टक्के होते. म्हणजे असे वर्ष पुन्हा येणार, हे धरूनच चालायला हवे.

त्या वर्षी आमच्या घरचा कढीपत्ता गेला. सासूबाईंनी गावाहून पिशवीत घालून आणलेले ते रोप सात वर्षांत छातीएवढे झाले होते. जुलैत एका सकाळी त्याने पाने खाली टाकली. ‘‘अगं, त्याला पाणी मिळत नसेल, बघ बरं,’’ सासूबाई म्हणाल्या. मीही विचार न करता दोन तांबे ओतले. पंधरा दिवसांत खोड काळे पडले. कुंडी उलटी केली तेव्हा आत कुबट वास आणि मुळे इतकी मऊ, की साल बोटांना चिकटून निघत होती. वरच्या मजल्यावरच्या पन्हळीचे पाणी नेमके त्याच कुंडीत पडत होते, हे तेव्हा लक्षात आले.

मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या, की मुळे गुदमरतात, कुजतात आणि भोवती पाणी असूनही ते वर पोहोचवू शकत नाहीत. मग पाने कोमेजतात, आणि आपण तहान समजून आणखी पाणी घालतो! म्हणून पावसाळ्यात कोमेजलेले झाड दिसले, तर आधी मातीत दोन पेरे बोट खुपसून पाहावे. माती ओली लागली, तर तांब्या खाली ठेवावा.

पाण्याला वाट द्या

कुंडीच्या तळाचे भोक बहुतेकदा मुळांनी किंवा चिकट मातीने बुजलेले असते. काडीने ते मोकळे करा. कुंडी थेट फरशीवर न ठेवता विटेच्या तीन तुकड्यांवर ठेवा. भर पावसात माती बदलायची वेळ आलीच, तर भोकावर खापराचा तुकडा ठेवून मातीत जाड वाळू आणि विटेचा चुरा मिसळा. नारळाच्या काथ्याचा भुसा उन्हाळ्यात उपयोगी असतो, पण तो पाणी धरून ठेवतो, तेव्हा पावसाळ्यात हात आखडता घ्या. कोरफड, अडेनियम, निवडुंग यांची जागा मात्र छपराखालीच. अडेनियमचे फुगीर खोड दाबल्यावर मऊ लागले, तर सड सुरू झाली आहे असे समजावे.

कुंडीखालच्या ताटल्या पावसाळाभर काढूनच ठेवाव्यात. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याची अंडी ताटलीच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून भागत नाही, ताटली घासायलाच हवी. ताटल्या काढल्या, की ओघळ खालच्या घराच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातात आणि वहिनी जिना चढून वर येतात, हेही खरे. कुंड्या कठड्यावरून उतरवून आत घेतल्या, तर बाग आणि शेजार दोन्ही टिकतात.

डाग, भुरी आणि गोगलगाय

गुलाबाच्या पानावर काळे ठिपके येऊन पान पिवळे पडते, ते पाने तासन्‌तास ओली राहिल्यामुळे. भुरीचे उलटे आहे. पांढऱ्या पिठासारखा हा रोग पानावर पाणी असताना फारसा वाढत नाही, पावसाने उघडीप दिली आणि हवा दमट राहिली, की डोके वर काढतो. रोगट पाने खुडून कचऱ्यात टाकावीत, कुंडीतच गाडू नयेत. काळ्या ठिपक्यांसाठी जुने बोर्डो मिश्रण घरीही करता येते. दहा ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि दहा ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये भिजवायचा, चुना निवल्यावर दोन्ही एकत्र ओतायचे. भांडे प्लास्टिकचे हवे. तयार मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडा वाढवावा. फवारणी उघडीप असताना, त्याच दिवशी करावी. पालेभाज्या आणि तुळस यांना ते अजिबात नको, आणि मुलांच्या हाती तर नकोच.

गोगलगायींसाठी औषधाची गरज नाही. रात्री ओले गोणपाट पसरून खाली कोबीची पाने ठेवा. सकाळी साऱ्या तिथे जमलेल्या सापडतात. हातमोजे घालून उचलाव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात.

संततधारेत मातीतले नत्रही वाहून जाते. जुनी पाने फिकट पडू लागतात. पण चिखलात खत घालून उपयोग नसतो. दोन-तीन दिवस ऊन पडू द्यावे, मग पातळ केलेले खत थोडेथोडे द्यावे.

अशा वर्षात खूश असतात ती अळू, गवती चहा, नेचे आणि ब्रह्मकमळ. आणखी एक गोष्ट साधते ती फांद्या लावण्याची. जास्वंद, मोगरा, अनंत यांची पेन्सिलएवढी फांदी दमट हवेत सहज मूळ धरते. आवडत्या झाडाच्या दोन-तीन फांद्या लावून ठेवाव्यात आणि एक शेजारी द्यावी. कढीपत्त्याच्या बुंध्याशी फुटलेली पिल्ले मी दर वर्षी उपटून फेकत असे. नंतर फार हळहळले. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या मात्र सासूबाईंनी कागदात बांधून ठेवल्या होत्या. श्रावणात वृंदावनातली तुळस काळी पडली, तेव्हा त्या बियांची रोपे खिडकीत तयार होती आणि लग्न वेळेवर लागले.

ऑक्टोबरचे ऊन पडले, की सावलीतल्या कुंड्या एकदम बाहेर काढू नका. पहिले आठ दिवस फक्त सकाळचे ऊन द्या, नाहीतर पावसात वाचलेली पाने उन्हात करपतात.