आधी श्वास सोडायचा

शिरूरला लहानपणी आमच्या घराजवळ एका लोहाराचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथं भाता चालवायला जायचो. एकदा विचारलं, "काका, भात्यात वारा भरतं कोण?" ते हसून म्हणाले, "कुणी नाही. भाता उघडला की वारा आपणहून शिरतो."

आपल्या छातीतही असाच भाता आहे, हे मला कळलं ते आपाच्या आजारपणात. आपा म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं सासर दौंड तालुक्यात. चाळीस वर्षं ती चुलीपुढं बसली. जळण म्हणजे तुराट्या, गोवऱ्या, उसाची चिपाडं. एका रात्री तिला धाप लागली. खाटेवर पुढं वाकून, गुडघ्यांवर हात टेकून बसली होती. "हवा आतच जात नाही रे," म्हणाली. मी सांगत राहिलो, "आपा, जोरात श्वास घे, अजून घे." ती घ्यायची आणि आणखीच घाबरी व्हायची. सकाळी डॉक्टर मला म्हणाले, "त्यांना श्वास घ्यायला नका सांगू, सोडायला सांगा."

त्याचं कारण असं. फुप्फुसाला स्वतःला फुगवणारा स्नायू नसतो. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू आहे. तो खाली सरकतो, फासळ्या वर उचलल्या जातात, आतली जागा वाढते आणि दाब किंचित उतरतो. बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला ७६० मिलिमीटर पाऱ्याइतका. आतला त्याहून जेमतेम एक मिलिमीटरनं कमी होतो. तेवढ्यावर अर्धा लिटर हवा आत येते. सोडताना कष्ट नाहीत. ताणलेलं फुप्फुस रबरासारखं आपसूक आक्रसतं. लोहाराच्या भात्याला जोर लागतो दाबायला, आपल्याला लागतो उघडायला, एवढाच फरक.

आता वाटेचं पाहू. श्वासनलिका झाडाच्या फांद्यांसारखी सुमारे २३ वेळा दुभंगत वायुकोशांपर्यंत जाते. धुरानं या बारीक नळ्या आतून सुजतात. प्वाझय या फ्रेंच वैद्यानं १८४० च्या सुमारास दाखवून दिलेला नियम सांगतो की, संथ प्रवाहात नळीचा व्यास निम्मा झाला तर अडथळा दुप्पट नव्हे, सोळा पट होतो. श्वास घेताना छाती फुलते, तशा या नळ्याही थोड्या ताणून उघडतात. सोडताना त्या मिटू लागतात आणि हवा आतच अडकते. भरलेल्या घड्यात आणखी पाणी कसं मावणार? मी "अजून घे" म्हणत होतो, ते हेच करायला लावत होतो.

आपाला यंत्रात फुंकायला लावलं. निरोगी माणूस जोरानं फुंकतो तेव्हा पहिल्या सेकंदातच बहुतेक तीन चतुर्थांश हवा बाहेर टाकतो. आपाची निम्मीही गेली नाही. आजाराचं नाव सीओपीडी. तिनं जन्मात बिडीला हात लावला नव्हता. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये अशाच धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं. त्यात जळणाच्या धुराला मोठं कारण मानलं आहे.

डॉक्टरांनी पंप दिला आणि एक युक्ती शिकवली. नाकानं श्वास घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा, ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. ओठांशी अडल्यानं आतल्या नळ्यांत थोडा दाब टिकतो, त्या लवकर मिटत नाहीत. अर्थात फुंकर औषधाची जागा घेत नाही.

मुशायऱ्यात शेर म्हणताना सगळे शब्द बाहेर जाणाऱ्या श्वासावरच जातात, हे मला ठाऊक होतं. त्या रात्री मात्र आठवलं नाही. आपाकडे आता गॅस आहे. तरी पाणी तापवायला चूल पेटतेच, त्यावरून आमचं भांडण चालू आहे. धाप लागली की ती फोन करते. मी म्हणतो, "आपा, आधी सोड. हवा आपणहून येईल."