खिडकीवाल्या कॅमेऱ्याची वाट पाहताना

२०१०च्या सप्टेंबरात जर्मनीतल्या कोलोन शहरी फोटोकिना भरलं. फोटोकिना म्हणजे तेव्हा कॅमेरावेड्यांची पंढरी होती, दर दोन वर्षांनी वारी असायची. मी काही गेलो नव्हतो. इथे रोचेस्टरला घरी बसून बातम्या चाळत होतो. तिथे फूजीफिल्मने एक्स-१०० नावाचा कॅमेरा मांडला आणि त्या दिवसापासून घरात माझी चेष्टा चालू आहे. कॅमेरा तेव्हा दुकानात आलेला नव्हता, येणार होता २०११च्या सुरुवातीला. तोवर चित्रांवरच समाधान. "माझा फोटो स्थळ म्हणून आला होता, तेव्हा तो तरी इतक्या वेळा पाहिला होतास का?" असं आमच्या हिने परवा विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

दिसायला तो आपल्या लहानपणच्या कॅमेऱ्यासारखाच आहे. वर शटरच्या वेगाची चकती, भिंगाभोवती अ‍ॅपर्चरची कडी. पण माझा जीव अडकलाय तो मागच्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात असलेल्या डोळा लावायच्या खिडकीत. त्याला कारण बाबांचा याशिका इलेक्ट्रो ३५.

तो कॅमेरा मामाने १९७२ साली कुवेतहून आणला. तपकिरी कातडी पिशवी, आत पिवळसर काचेची खिडकी. डोळा लावला की मधोमध एक छोटा उजळ ठिपका दिसे आणि त्यात समोरच्याची दोन नाकं. भिंगाची कडी फिरवत न्यायची, दोन नाकांचं एक झालं की बाबा पुटपुटायचे, "जमलं." हाच रेंजफाइंडर. काही सेंटीमीटर अंतरावरच्या दोन खिडक्यांतून एकच वस्तू बघायची आणि दोन प्रतिमा जुळवून तिचं अंतर काढायचं. आपले दोन डोळे करतात तेच, फक्त पितळ आणि काचेने.

पण खरी गंमत ठिपक्यात नव्हती, चौकटीत होती. अशा खिडकीत फोटोत येणारा भाग एका उजळ चौकटीने दाखवतात आणि चौकटीच्या बाहेरचंही थोडं दिसत राहतं. भिंगातूनच बघणाऱ्या कॅमेऱ्यात फोटोत येतं तेवढंच दिसतं, बाकी जग काळं. गणपतीच्या आरतीला बाबा सगळ्यांना ताटकळत ठेवायचे, आम्ही वैतागायचो. त्यांना खिडकीच्या कडेला झांजा घेऊन येणारी आजी दिसत असायची. ती चौकटीत शिरली की खट्. आंरी कार्तिए-ब्रेसाँ ३० जानेवारी १९४८ला, गांधीजींच्या अखेरच्या दिवशी, त्यांना भेटून गेला. त्याचा लायकाही याच जातीचा. अर्थात बाबांना ब्रेसाँ माहीत नव्हता, आजी माहीत होती.

रोचेस्टरच्या लोकांना हे सांगायला मला विशेष आवडतं, कारण भिंगाला जोडलेला रेंजफाइंडर असलेला पहिला कॅमेरा आपल्याच गावचा. कोडॅकचा १९१६ सालचा थ्री-ए ऑटोग्राफिक स्पेशल. पुढे १९७५ साली स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला तोही इथेच, कोडॅकमध्ये. वजन साडेतीन किलोहून जास्त, आणि एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरवायला २३ सेकंद. त्याच कोडॅकच्या फिल्मच्या इमारती २००७ साली सुरुंग लावून पाडल्या, तेव्हा आपल्यापैकी काहीजण बघायला गेले होते. मी गेलो नाही.

डिजिटल रेंजफाइंडर यापूर्वी आलेच नाहीत असं नाही. २००४ साली एप्सनने आर-डी१ काढला. त्याच्या खिडकीतून जग आहे त्याच आकाराचं दिसायचं, त्यामुळे दुसरा डोळा उघडा ठेवून फोटो काढता यायचा. शटर मात्र दरवेळी खटका ओढून भरायचं, फिल्म नसूनही! मग २००६ला लायकाचा एम८ आणि २००९ला एम९. या दोन्हींचा सेन्सर कोडॅकचा, म्हणजे त्या जर्मन कॅमेऱ्याचा पडदा आपल्या गावच्या कंपनीचा. एवढी जवळीक असूनही एम९ची किंमत तेव्हा सात हजार डॉलर होती, तीही भिंगाशिवाय. मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजात जाणार. तो विषय तिथेच संपला.

एक्स-१०० हजार डॉलरच्या आसपास मिळेल अशी तेव्हा बोलवा होती. त्याच्या खिडकीत अभियंत्यांनी जे केलंय त्याला मी मनोमन नमस्कार केला. साधी काचेची खिडकी आहेच. आत एक लोलक बसवलाय आणि बाजूला चौदा लाख चाळीस हजार ठिपक्यांचा इवलासा पडदा. त्या पडद्यावरची चौकट, शटरचा वेग, अ‍ॅपर्चर हे सगळं लोलकातून खऱ्या दृश्यावर तरंगत दिसतं. पुढचा खटका ओढला की काचेची वाट बंद आणि त्याच पडद्यावर भिंगातून येणारं चित्र. एकाच खिडकीत दोन्ही. ज्याला सुचलं त्याने नक्कीच कधीतरी जुना कॅमेरा खोलून पाहिला असणार.

माझी एक तक्रार आहे. हा खरा रेंजफाइंडर नव्हे. दोन प्रतिमा जुळवायचा ठिपका नाही, फोकस कॅमेरा स्वतःच करतो. भिंगही बदलता येत नाही. पहिले दोन आठवडे मी यावरून कुरकुरत होतो.

मग हवा कशाला? आईचा माझ्याकडचा शेवटचा फोटो २००८च्या डिसेंबरातला. पुण्याहून निघायच्या आदल्या संध्याकाळी ती ओट्याशी लाडू वळत होती. माझ्या खिशातल्या कॅमेऱ्याला खिडकी नव्हती, नुसता पडदा. हातभर लांब धरला, ती हसली, मी बटण दाबलं. कॅमेऱ्याने जरा विचार केला आणि मग फोटो काढला. तोवर ती गॅसकडे वळली होती. फोटोत पाठ आहे आणि अंबाडा. पुढच्या जूनमध्ये ती गेली. पडद्यावर दिसतं ते नेहमी क्षणभर शिळं असतं. काचेतून दिसतं ते ताजं. बटणाचा उशीर वेगळाच, पण निदान डोळ्याला तरी उशीर नको.

बाबा आता ७६ वर्षांचे. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध बिघाड आहे. समोरच्याचा चेहरा धूसर, कडेचं मात्र बऱ्यापैकी दिसतं. तीन वर्षांत त्यांनी याशिकाला हात लावला नव्हता. मागच्या रविवारी स्काइपवर मी म्हटलं, "बाबा, जरा कॅमेरा काढा आणि डोळ्याला लावा. काय दिसतं ते सांगा."

कपाट उघडल्याचा आवाज आला, पिशवीची बटणं वाजली. बराच वेळ गेला.

"तो मधला ठिपका गेला रे," म्हणाले. "नाहीच दिसत. पण चौकट आहे. आणि डावीकडून ती शेजारची छोकरी येतेय, पेरू खात."

"चौकटीत आली?"

"थांब. आली."

आणि रोल नसलेल्या कॅमेऱ्याचा खट् आवाज मी इथे ऐकला.

त्या दिवसापासून कुरकुर बंद. जो ठिपका नाही म्हणून मी रुसलो होतो, तो बाबांना तसाही दिसणार नव्हता. मधलं कॅमेऱ्याने सांभाळावं, कडेचं ते सांभाळतील. मे महिन्यात ते इथे येतील, हायलँड पार्कात लायलॅक फुललेली असेल तेव्हा.

धास्ती एकच. खिडकीतलं चित्र प्रत्यक्षाच्या निम्म्या आकाराचं आहे म्हणतात. एवढ्या लहान चित्रात बाबांना चौकट सापडेल का, हे कागदावर वाचून कळत नाही. त्यामुळे आधी नोंदणी करायची नाही, ते आल्यावर दुकानात नेऊन त्यांच्या डोळ्याला लावून बघायचं, असं ठरवलंय. दुकानदाराला फोन केला होता. नमुना आला की कळवतो म्हणाला. डिसेंबरात पुन्हा करेन.