एक मूल, पाच क्रमांक : जिल्हा परिषद शाळांवरचा माहितीचा भार

दोहा येथील सूक वाकिफ या जुन्या बाजारपेठेत ससाण्यांच्या दुकानांजवळच त्यांचे स्वतंत्र रुग्णालय आहे. शिकारीसाठी परदेशी न्यावयाच्या ससाण्याला आखाती देशांत पासपोर्ट मिळतो. पक्ष्याच्या पायातील कड्यावर जो क्रमांक असतो तोच त्या पासपोर्टात असतो आणि सीमेवरचा अधिकारी तेवढाच पडताळून त्याला पुढे जाऊ देतो. सुटीच्या संध्याकाळी याच बाजारात कहवा घेत बसणाऱ्या मराठी अभियंत्यांपैकी, डॉक्टरांपैकी, लेखापालांपैकी कितीतरी जण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेले आहेत. त्यांच्या वेळी शाळेत मुलाचा क्रमांक एकच असे, तो म्हणजे जनरल रजिस्टरमधला. त्याच शाळेत आज पहिलीत दाखल होणाऱ्या मुलाच्या नावे तो जुना क्रमांक आहेच. शिवाय आधार क्रमांक आहे, राज्याच्या सरल प्रणालीचा क्रमांक आहे, केंद्राच्या यू-डायस प्लस प्रणालीतील कायम शिक्षण क्रमांक म्हणजे ‘पेन’ आहे आणि आता ‘अपार’ आहे. या पाचही ठिकाणी मुलाचे नाव, जन्मतारीख आणि आईचे नाव अक्षरशः सारखे असावे, ही जबाबदारी शिक्षकाची.

ती पार पाडायची कोणी, हा कळीचा प्रश्न आहे. प्राथमिक शाळेला लिपिक नसतो. माध्यमिक शाळेच्या कार्यालयात लेखनिक आणि शिपाई असतात. वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत मात्र मुख्याध्यापकपदाचा कार्यभार सांभाळणारा शिक्षकच दोन-तीन वर्ग एकत्र शिकवतो, पोषण आहाराचा तांदूळ मोजतो आणि संगणकावर वा स्वतःच्या मोबाइलवर माहितीही भरतो. दुसरा शिक्षक प्रशिक्षणाला गेला असेल, तर ज्या तासात माहिती भरली जाते त्या तासात चारही वर्गांना शिकवणारे कोणी नसते. आकडेवारीत ही शाळा ‘सुरू’ असते.

रोज, महिन्याला आणि वर्षाला भरावयाची माहिती वेगवेगळी. पोषण आहार घेतलेल्या मुलांची संख्या दररोज अ‍ॅपवर कळवावी लागते. त्याखेरीज धान्याच्या साठ्याची नोंदवही आणि आहाराच्या चवीची नोंदवही कागदावर चालूच असते. डिसेंबर २०२३ पासून मुलांची दैनंदिन हजेरीही एका चॅटबॉटवर भरण्यास सांगण्यात आले आणि शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला. वेतनासाठी शालार्थ प्रणाली आहे. शिष्यवृत्त्या, मोफत गणवेश, पाठ्यपुस्तके, आरोग्य तपासणी, वृक्षारोपण या प्रत्येकाचा स्वतंत्र तक्ता असतो. वर्षातून एकदा यू-डायस भरायची, तीत वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पाण्याची सोय, शिक्षकांची पात्रता आणि प्रत्येक विद्यार्थ्याचा तपशील येतो. आणि या सगळ्याच्या वर व्हॉट्सअ‍ॅपवरून येणारी ‘तात्काळ’ माहिती. ती बहुतेक वेळा यांपैकी कुठल्यातरी प्रणालीत आधीच भरलेली असते. फक्त ती मागणाऱ्या कार्यालयाला तिथून काढून घेता येत नाही, किंवा काढून घेण्यापेक्षा पुन्हा मागवणे सोपे वाटते. केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी, पुण्याची संचालनालये आणि मुंबईतील मंत्रालय अशा या साखळीत वरच्या कड्याला लागलेली घाई खालच्या कड्यापर्यंत पोहोचते तेव्हा तिची मुदत ‘आज दुपारी दोनपर्यंत’ अशी झालेली असते.

हा पसारा कोणा एका अधिकाऱ्याच्या लहरीतून उभा राहिलेला नाही. नव्वदच्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाबरोबर ‘डायस’ आली, तेव्हा देशात किती शाळांना एकच खोली आहे हेही दिल्लीला नीट ठाऊक नव्हते. प्राथमिक व माध्यमिक अशी वेगवेगळी भरली जाणारी माहिती २०१२-१३ पासून एकत्र करून यू-डायस झाली आणि २०१८-१९ पासून ती ऑनलाइन यू-डायस प्लस झाली. २०२२-२३ पर्यंत शाळा इयत्तावार बेरीज कळवत असत. त्या वर्षापासून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद मागितली जाऊ लागली. २०२३-२४ च्या अहवालानुसार देशात १४.७२ लाख शाळा आणि सुमारे २४.८ कोटी विद्यार्थी आहेत. इतक्या नोंदी एकेक करून भरणारे हात अर्थातच शाळेतले आहेत.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर यामागे एक जुना घावही आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर विशेष पटपडताळणी झाली. एकाच मुलाची दोन शाळांत मोजणी होऊ नये म्हणून बोटांना शाई लावण्यात आली. कागदावरचे सुमारे २० लाख विद्यार्थी प्रत्यक्षात दिसले नाहीत. पटावर अनुदान, तुकड्या आणि शिक्षकांची पदे ठरतात; म्हणून पट फुगवणे हा अनेक ठिकाणी धंदाच झाला होता. या फुगवट्यात खाजगी अनुदानित संस्थांचा वाटा मोठा होता, असे शिक्षक संघटना आजही सांगतात. ते कसेही असो, त्या पडताळणीनंतर शासनाचा शाळेच्या शब्दावरचा विश्वास उडाला तो उडालाच. २०१५ मध्ये सरल प्रणाली आली ती प्रत्येक मुलाची नावानिशी नोंद घेण्यासाठी, आणि पुढे संचमान्यतेसाठी आधार जुळणे आवश्यक ठरले. आजच्या माहितीच्या ओझ्याचा बराच भाग म्हणजे २०११ च्या अविश्वासाची हप्त्याने होणारी वसुली आहे, आणि ते हप्ते मुख्यतः भरत आहेत वाडीवस्तीवरचे दोनशिक्षकी शाळांतले गुरुजी.

एक चुकीचा रकाना किती महाग पडतो, हे संचमान्यतेवरून समजते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन. राज्याच्या निकषांत हे आकडे बदलत आले असले तरी उंबरठ्याचे गणित तेच राहते. पट ठरवण्याची परंपरागत तारीख ३० सप्टेंबर. त्या दिवशी उंबरठ्यावर असलेल्या शाळेतील एखाद्या मुलीचे नाव आधारवर आजोळच्या आडनावाने असेल, किंवा जन्मतारखेच्या जागी केवळ १ जानेवारी असेल, तर ती वर्गात बसलेली असूनही मोजणीत येत नाही. मग गुरुजी पालकांना घेऊन तालुक्याच्या आधार केंद्रावर जातात. तिथे जन्मदाखला मागतात, तो ग्रामपंचायतीत नसतो. एका मुलीच्या दुरुस्तीसाठी तीन दिवसांचे शिकवणे बुडते, आणि दुरुस्ती झाली नाही तर वर्षभरासाठी एक शिक्षकपद.

कायदा काय म्हणतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसद यांच्या निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. त्याआधीच, डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदारयाद्यांचे काम शिक्षकांकडून घ्यायचे तर ते सुटीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी घ्यावे असे सांगितले होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शिक्षकांना कष्टाच्या प्रशासकीय कामातून सोडवण्याचे आणि मध्यान्ह भोजनासंबंधीच्या कामाला मर्यादा घालण्याचे म्हटले आहे. २३ ऑगस्ट २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने शिक्षकांच्या कामांचे वर्गीकरणच जाहीर केले आणि इतर विभागांच्या योजनांसाठीची सर्वेक्षणे, माहिती संकलन यांना अशैक्षणिक ठरवले.

तरीही भार हलका झाला नाही, याचे कारण या सगळ्या तरतुदींच्या रचनेतच आहे. कायदा ‘बाहेरचे’ काम अडवतो. शिक्षण विभागाने स्वतः मागितलेली माहिती मात्र ‘शैक्षणिक’ वा निदान ‘शाळेशी निगडित’ म्हणून गणली जाते, आणि ती कितीही वेळा मागता येते. शेळ्यामेंढ्या मोजण्यास नकार देण्याचा हक्क शिक्षकाला आहे. तोच हजेरीचा आकडा तीन अ‍ॅपवर भरण्यास नकार देण्याचा नाही. राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात शिक्षकांच्या वार्षिक शालेय वेळापैकी केवळ १९.१ टक्के वेळ प्रत्यक्ष अध्यापनात जातो असे आढळले, तेव्हा त्या आकड्याच्या व्याख्येवर वाद झाला आणि तो होणे योग्यही होते. पण उरलेल्या वेळातला मोठा वाटा शाळेच्याच कामांचा होता, बाहेरच्या विभागांचा नव्हे, हे त्यातून पुरेसे स्पष्ट झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यातील प्राथमिक शिक्षकांनी आंदोलनाचा भाग म्हणून शासकीय व्हॉट्सअ‍ॅप गट सोडले. वरकरणी किरकोळ वाटणारी ही कृती कार्यालयांना सर्वाधिक झोंबली.

ज्या देशात सूक वाकिफ आहे, त्या कतारने या प्रश्नाशी वेगळ्या बाजूने झुंज घेतली आहे. २००२ मध्ये तेथे सर्वोच्च शिक्षण परिषद स्थापन झाली आणि अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेच्या आराखड्यानुसार २००४ पासून ‘स्वतंत्र शाळा’ सुरू झाल्या. पैसा सरकारचा, कारभार शाळेचा, आणि त्या बदल्यात शाळेने माहिती द्यायची, असा तो करार होता. त्यासाठी राष्ट्रीय शैक्षणिक माहिती प्रणाली उभारली गेली, विद्यार्थ्यांच्या सार्वत्रिक चाचण्या सुरू झाल्या, पालक व शिक्षकांची सर्वेक्षणे झाली आणि प्रत्येक शाळेचे प्रगतिपत्रक जाहीर होऊ लागले. त्या आराखड्यातील दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत : शाळेला आदेश देणारी यंत्रणा आणि तिचे मोजमाप करणारी यंत्रणा वेगळी ठेवलेली होती, आणि गोळा झालेली माहिती पालकांपर्यंत परत यावी अशी योजना होती. पुढे शाळांची स्वायत्तता क्रमाक्रमाने आटली आणि २०१६ मध्ये परिषदेची जागा पुन्हा मंत्रालयाने घेतली; पण माहितीच्या बदल्यात शाळेला काय मिळणार, हा प्रश्न तिथे निदान विचारला गेला. महाराष्ट्रात माहिती वर जाते. यू-डायसवर प्रत्येक शाळेचे प्रगतिपत्रक पाहता येते खरे, पण ते उघडून पाहणारा पालक विरळा.

इंग्लंडमध्ये सरकारी शाळांची गणना वर्षातून तीनदा होते. शाळेच्या रोजच्या संगणकीय नोंदींतूनच ती तयार होऊन जाते, निराळी भरावी लागत नाही. तरीही शिक्षकांवरील कामाच्या ताणाची तक्रार इतकी वाढली की सरकारने २०१६ मध्ये तीन अहवाल प्रसिद्ध केले, त्यांतील एक केवळ माहिती व्यवस्थापनावर होता. २०१८ च्या पुढच्या अहवालाने मुलांच्या प्रगतीचे आकडे वर्षात दोन-तीनपेक्षा अधिक वेळा मागू नयेत अशी शिफारस केली. अमेरिकेतील १९८० चा कागदपत्रे कमी करण्याचा कायदा याहून रोखठोक आहे. संघराज्य सरकारच्या कोणत्याही खात्याला नवा अर्ज वा तक्ता काढायचा तर त्याला मध्यवर्ती कार्यालयाची मंजुरी लागते. मंजुरी फार तर तीन वर्षे टिकते. अर्जावर क्रमांक आणि तो भरण्यास सरासरी किती मिनिटे लागतील हे छापावे लागते. वैध क्रमांक नसलेला अर्ज भरला नाही म्हणून कोणालाही दंड करता येत नाही. तिथल्या शाळाही माहितीच्या ओझ्याची तक्रार करतातच. पण मागणाऱ्याला आपल्या मागणीची किंमत मिनिटांत लिहावी लागते, ही सवय मुंबई-पुण्याच्या कार्यालयांना लागली तर कितीतरी तक्ते जन्मालाच येणार नाहीत.

महाराष्ट्रात यातले काय शक्य आहे? सरल आणि यू-डायस प्लस यांतील मुलांची नोंद एकच असणे हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अवघड आहे ते दोन सरकारांनी एकमेकांच्या नोंदीवर विश्वास ठेवणे. मंजुरी क्रमांकाशिवाय कोणतीही माहिती मागवू नये, असा आदेश शिक्षण आयुक्तालयाला काढता येईल आणि त्यासाठी विधिमंडळात जाण्याची गरज नाही. तिसरा उपाय पैशांचा आहे : प्रत्येक केंद्राला, म्हणजे साधारण दहा शाळांमागे, एक माहिती भरणारा कर्मचारी. वित्त विभागाला हा खर्च दिसतो, कारण तो अंदाजपत्रकात लिहावा लागतो. शिक्षकाचे बुडालेले तास कोणत्याच अंदाजपत्रकात लिहिले जात नसल्याने ते फुकट वाटतात.

या साऱ्यात माहितीच नको, अशी भूमिका घेणे मात्र धोक्याचे ठरेल. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर गेलेले मूल कुठल्या शाळेत पोहोचले, हे नावानिशी नोंदीमुळेच शोधता येते. शाळा सोडलेले मूल दुसऱ्या शाळेने घेईपर्यंत यू-डायसच्या ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये दिसत राहते आणि त्याचे काय झाले हे मुख्याध्यापकाला सांगावे लागते. हा रकाना त्रासाचा आहे, पण त्यामुळे सातवीनंतर अदृश्य होणारी मुलगी निदान एका यादीत तरी उरते. गंमत अशी, की वडिलांच्या नोकरीमुळे आखातात गेलेले मूलही याच यादीत येते. नव्या शाळेला यू-डायस क्रमांक नसेल तर तिच्याकडून त्याला ‘घेतले’ जाणे संभवत नाही. दोह्यात वह्या-दप्तर घेऊन नियमित शाळेत जाणाऱ्या मुलाबद्दल गावचे गुरुजी खुलासा लिहीत बसतात.

परदेशस्थ मराठी माणूस या साखळीत आणखी एका जागी येतो. गावच्या शाळेला लॅपटॉप, प्रोजेक्टर, दूरदर्शन संच देण्याची हौस आणि दानत त्याच्याकडे आहे. तो लॅपटॉप पुष्कळदा वर्गात न जाता कार्यालयाच्या टेबलावर स्थिरावतो आणि त्यावर सरल भरले जाते. त्यात शाळेचा दोष नाही. देणगी आली की तिची नोंद लोकसहभागाच्या तक्त्यात करावी लागते, साठा नोंदवहीत करावी लागते, आणि देणगीदाराला छायाचित्रांसह विनियोगाचा अहवाल हवा असतो तो निराळा. काही गावांत माजी विद्यार्थ्यांनी वस्तूंऐवजी गावातल्याच एखाद्या पदवीधर तरुणीचे मानधन देऊन पाहिले आहे : आठवड्यातून दोन दुपारी तिने यायचे आणि संगणकावरचे काम उरकायचे. गुरुजी त्या दोन दुपारी वर्गात असतात. ३० सप्टेंबर जवळ आला की ती रोज येते.